पुढची सीट

लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये आली आणि तिने गचका दिला. फार काही नाही, वीतभर खाली घसरली असेल, आणि पुन्हा सावरून कुरकुरत वर निघाली. जुन्या लिफ्टा करतातच असं. पण त्या गचक्यासरशी मागच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या मुद्रितशोधकांचा डावा हात आपणहून, मालकाला न विचारता, सरळ पुढे गेला. मूठ वळलेली, काहीतरी धरून पुढे रेटावं तशी. ती मूठ हिशेब खात्यातल्या बाईंच्या पर्सवर जाऊन आदळली. "अहो, काय हे!" बाई म्हणाल्या. "माफ करा, तोल गेला," ते म्हणाले. तोल गेला नव्हता. उलट इतक्या वर्षांत तो इतका कधी आलाच नव्हता. विमान हवेच्या खड्ड्यात घसरलं की डाव्या हाताने थ्रॉटल पुढे करायचा, इंजिनाला जोर द्यायचा, हे त्या हाताला कोणीतरी तरुणपणी शिकवलं होतं, आणि हा शहाणा ते अजून विसरला नव्हता. मनात आलं, बघा, माणूस म्हातारा होतो, हात होत नाही. आणि हे मनात येतंय तोच छातीशी काहीतरी टोचलं. आधी वाटलं, आली ती वेळ. या वयात छातीत कळ म्हणजे दुसरं काय असणार. चौथ्या मजल्यावर उतरले, आपल्या टेबलाशी गेले, हलक्या हाताने कोट उलटा केला. आतल्या अस्तरात, शिवणीला लागून, वीतभर लांबीची सुई रोवलेली होती. मेण लावलेल्या दोऱ्याचं शेपूट अजून तिच्या नाकात होतं.

ते तिथेच बसले. समोर एका जाडजूड शब्दकोशाची मुद्रितं पडली होती आणि पहिल्याच ओळीत एक वेलांटी उलटी होती. ती त्यांना दिसली आणि नेहमीसारखी लाल पेन्सिल उचलली गेली नाही. कारण ही सुई रविवारच्या मंडळींच्या जुन्या कापडी विमानाच्या पंखात असायला हवी होती. म्हणजे नसायला हवी होती, पण ती तिथेच आहे असं गेल्या रविवारपासून सगळ्यांनी धरून चाललं होतं. डाव्या बाजूच्या खालच्या पंखाची एक शिवण सैल वाटते, असं गेल्या रविवारी ह्यांनीच काढलं. सैल नव्हती. वाटली, एवढं मात्र खरं. वाटायला काय, माणसाला वाटावंसं वाटलं की काहीही वाटतं. ती शिवण उसवली, बायको वरच्या बाजूने आणि हे पंखाखाली सतरंजीवर पाठ टेकून, असं दोघांनी मिळून पुन्हा घातली, त्यावर पट्टी आली, लेप आला, आणि संध्याकाळी सुया मोजताना एक कमी भरली. विमानाच्या कामात सुई हरवली म्हणजे घरातल्यासारखं 'सापडेल कधीतरी' म्हणून चालत नाही. पंखाच्या आत सुटी सुई राहिली आणि नेमकी वळताना घरंगळत जाऊन तारेच्या कप्पीत अडकली, की वरच्या माणसाचं काय होईल ते सांगायला तो खाली येतच नाही. तेव्हा ठरलं, येत्या रविवारी पंख फाडून बघायचा. मंडळींतल्या दंतवैद्यांनी कान लावून पंख हलवला होता आणि ते ठामपणे म्हणाले होते, "खुळखुळतंय." मग विमान उडवणाऱ्या कॅप्टनलाही खुळखुळल्यासारखं वाटलं. ह्यांना तर वाटलंच. आणि काम करता करता सुई अस्तरात टोचून ठेवायच्या ह्यांच्या सवयीपायी ती मात्र कोटात बसून लिफ्टने वर-खाली करत होती.

आता हे सरळ आहे, असं कोणीही म्हणेल. टेबलावर फोन आहे, दंतवैद्यांचा दवाखाना चालू आहे, 'सुई सापडली हो' एवढं म्हणायचं. ह्यांनी फोनकडे पाहिलं, आणि सुई पुन्हा अस्तरात खोवली.

शहराबाहेरच्या जुन्या धावपट्टीच्या कडेला पत्र्याची एक उंच शेड आहे. तिथे रविवारी ही मंडळी जमतात आणि तिथे मुद्रितशोधकांना टाकेकाका म्हणतात. शेडमधल्या बाईचं नाव म्हातारी. एकावर एक असे दोन जोड पंख, लाकडी फासळ्या, वर कापड, आणि एकामागे एक उघड्या दोन सीटा. कधीकाळी लष्करातली पोरं हिच्यावर उडायला शिकली, मग लष्कराने ती एका उड्डाणशाळेला देऊन टाकली, शाळा बंद पडल्यावर हिला कोणी विचारेना. दंतवैद्यांना ती एका गोदामात सापडली तेव्हा पुढच्या सीटमध्ये कोंबड्या अंडी घालत होत्या. दंतवैद्यांनी इंजिन आपल्याकडे घेतलं. आयुष्यभर लोकांच्या तोंडात वाकून बघितल्यामुळे त्यांना कुठल्याही भोकात वाकून बघायची हौस होती. कॅप्टन ही प्रवासी विमानं चालवणारी मुलगी, पस्तिशीची, मोठ्या विमानात आपण ड्रायव्हर नसून कारकून आहोत असं म्हणणारी. उडवायचं काम तिचं. कापडाचं काम टाकेकाकांचं आणि त्यांच्या बायकोचं. आणि शेडचा एक रिवाज होता. ज्याने जे काम केलं त्याने त्या जागेवर तळहात ठेवायचा आणि मोठ्याने म्हणायचं, 'माझं झालं.' सगळ्यांचं झाल्याशिवाय म्हातारी शेडबाहेर पडणार नाही. दंतवैद्यांचं झालं होतं. कॅप्टनचं झालं होतं. टाकेकाकांच्या बायकोनेसुद्धा पंखावर थाप मारून, "माझं कधीच झालंय, आता ह्यांचं विचारा," असं सांगून टाकलं होतं. राहिले होते एकटे टाकेकाका. आज इथे सुरकुती आहे, उद्या तिथे लेप पातळ आहे. लोक म्हणायचे, माणूस किती काटेकोर! आणि पुढच्या आठवड्यात कॅप्टनची बदली होती, दूरच्या शहरात. ती गेली की असली जुनी कापडी विमानं उडवणारं दुसरं कोणी पंचक्रोशीत नव्हतं. म्हणजे या रविवारी पंख फाडला, तर तो पुन्हा शिवून, ताणून, सुकवून होईपर्यंत कॅप्टन गेलेली असेल, आणि म्हातारी शेडमध्येच बसेल. कोणाची चूक नाही. सुईची चूक.

आणि टाकेकाकांना तेच हवं होतं. हे त्यांनी त्या दिवशी उलट्या वेलांटीकडे बघत स्वतःशी कबूल केलं, आणि त्यांना स्वतःची जरा किळस आली, आणि तरीही तेच हवं होतं. कारण पहिल्या दिवशी कॅप्टन एकटी एक फेरी मारणार होती, नियमच तसा, आणि मग पुढच्या सीटवर बसणार होते टाकेकाका. सगळ्यांनी एकमताने ठरवलं होतं. मंडळींत पूर्वी असल्या विमानावर शिकलेले ते एकटेच. मान त्यांचा. त्यांना नको होता. भीती पडण्याची नव्हती. पडलो तर पडलो, आता काय कोवळं वय आहे? भीती वेगळीच होती आणि सांगायला इतकी हास्यास्पद की ती त्यांनी कोणाला सांगितली नव्हती. एकोणिसाव्या वर्षी ते त्या उड्डाणशाळेत शिकत होते. पुढच्या सीटवर गुरुजी, मागे हे. महिनोन्‌महिने ह्यांच्या डोळ्यांपुढे आकाश असं नव्हतंच, गुरुजींचं डोकं होतं, चामड्याच्या टोपीतलं, मानेवर वळी असलेलं, आणि त्या डोक्याच्या दोन्ही बाजूंनी उरलंसुरलं आकाश. ते डोकं हललं की हे मान आत ओढून घ्यायचे, कारण मग दोन सीटांमधल्या बोलायच्या नळीतून शिव्या यायच्या. एका सकाळी उतरल्यावर गुरुजी पट्टे सोडून खाली उतरले, रिकाम्या सीटवरचे पट्टे नीट आवळून बांधले, आणि म्हणाले, "जा आता. आणि परत ये, एवढंच बघ." ते गेले. आणि चाकं जमिनीवरून सुटली तेव्हा समोर डोकं नव्हतं. रिकामी सीट होती, तिच्यापुढे इंजिन होतं, आणि बाकी सगळं आकाश होतं, अख्खं, कोणी मध्ये नसलेलं. गुरुजींचं वजन नसल्यामुळे विमान कसं हलकं वर चढलं होतं! एक चक्कर मारली आणि उतरले. त्यानंतर वडिलांचं दुखणं आलं, धाकट्या बहिणींची शिक्षणं आली, छापखान्यातली नोकरी आली, आणि कोणावर रागवायची सोयसुद्धा नाही इतक्या साधेपणाने उडणं संपलं. पण ती चक्कर त्यांच्याजवळ राहिली. साहेब ओरडला की ते तिथे जायचे. मुलीचा ताप उतरत नव्हता त्या दवाखान्यातल्या बाकावर ते तिथे जाऊन आले होते. आयुष्यभर त्या एका रिकाम्या सीटवर त्यांनी दिवस काढले होते. आता पुन्हा वर गेलो आणि ते तसं नसलंच, तर? ते एवढंसंच होतं असं दिसलं, तर? मग पुढच्या वेळी बाकावर बसून कुठे जायचं?

बायकोला त्या चक्करीची कथा तोंडपाठ होती. "एकदा तूप खाल्लंत आणि जन्मभर हात हुंगताय," असं ती म्हणायची; रागाने नाही, पण म्हणायची. ती शेडमध्ये पहिल्यांदा आली ती नुसती डबा द्यायला. पंख तेव्हा लाकडी घोडीवर उभा करून ठेवला होता, एका बाजूला हे सुई घेऊन उभे, आणि पलीकडून सुई परत पाठवायला माणूस नाही. असल्या शिवणीला दोन माणसं लागतात. एकाने सुई आरपार घालायची, दुसऱ्याने पलीकडून ती फासळीला वळसा देऊन परत पाठवायची, आणि मधल्या कापडामुळे एकाला दुसरा दिसत नाही. "सरका, मी बघते," म्हणून ती पलीकडे गेली ती पंख पुरा होईपर्यंत पलीकडेच राहिली. त्या पंखाच्या दोन बाजूंनी दोघं जितकं बोलले तितकं संसारात समोरासमोर बसून बोलले नव्हते. तोंड दिसत नसलं की माणसाला बोलायला बरं पडतं. सासूबाईंचं, मुलीचं, एकदा मोडता मोडता राहिलेल्या लग्नाचं, सगळं त्या फासळ्यांतून गेलं. नुसत्या सुईच्या टोकावरून ह्यांना तिचा नूर कळू लागला. टोक सावकाश आलं की ती आठवणीत आहे, सपकन आलं की आज काहीतरी बिनसलंय. एकदा तिने पलीकडून विचारलं होतं, "काय हो, त्या पुढच्या सीटवर कोणी नव्हतं याचा तुम्हाला एवढा आनंद का झाला?" ह्यांनी काहीतरी उत्तर दिलं होतं, वजनाचं, हवेचं, इंजिनाच्या ताकदीचं. पलीकडून सुई बराच वेळ आली नव्हती.

घरी गेल्यावर त्यांनी कोट खुंटीला लावला तो भिंतीकडे तोंड करून, अस्तर दिसू नये असा. कोटाला तोंड असल्यासारखं. बायकोने जेवताना विचारलं, "आज गप्पसे?" "काम फार आहे. शब्दकोश आहे ना." "कुठल्या अक्षरावर आलात?" "च." "चोराचा च," ती सहज म्हणाली आणि वाटी पुढे सरकवली. हे पाणी प्यायले. ती शांतपणे जेवत होती. तिच्या तोंडावरून काही कळेना, मध्ये पंख असता तर कळलं असतं. त्यानंतरचे दिवस त्यांनी चमत्कारिक काढले. रोज तोच कोट घालून जायचे, सुई आतच. चुका शोधणं हा ज्याचा धंदा त्याच्या छातीशी आपलीच चूक, आणि ती खोडायला हात उठेना. एकदा दवाखान्याचा नंबर फिरवला, पलीकडे दंतवैद्यांचा आवाज आला, "बोला टाकेकाका, रविवारी धारदार पातं आणतो, काळजी नको," आणि हे म्हणाले, "हो, आणा." फोन ठेवला. डाव्या हाताकडे बघितलं. लिफ्टमध्ये एवढी घाई केलीस आणि आता कसा गप्प पडला आहेस, असं त्याला मनातल्या मनात म्हणाले.

रविवारी सकाळी आभाळ धुतल्यासारखं होतं, वारा नावाला. अशा हवेसाठी लोक देव पाण्यात घालून बसतात. शेडचे दोन्ही दरवाजे उघडलेले होते आणि उजेड थेट म्हातारीच्या पिवळ्या पोटापर्यंत आला होता. कॅप्टन तिच्या शेपटाशी टेकून उभी होती, हातात हेल्मेट, घालायचं नाही हे माहीत असूनही आणलेलं. "जाऊ दे काका, नशीब," ती म्हणाली. "मी सुट्टी काढून येईन ना कधीतरी." तिचा चेहरा रडवेला झाला आहे हे तिला माहीत नव्हतं. दंतवैद्य सतरंजीवर बसले, चष्मा सारखा केला, पंखाच्या खालच्या अंगावर बोट फिरवून जागा शोधली. "इथून घेऊ. काय वहिनी? तुमचेच टाके आहेत, दुखलं तर सांगा." बायको पंखाच्या पलीकडे उभी होती, नेहमीच्याच जागी, हात त्यावर ठेवून, आणि बघत होती ती पात्याकडे नाही, ह्यांच्याकडे. दंतवैद्यांनी पातं टेकवलं. कापड इतकं ताणलेलं होतं की नुसतं पातं टेकल्यावर आतून ढोलकीसारखा बारीक आवाज आला. टाकेकाका एक पाऊल पुढे आले. तिथे, पात्याच्या टोकाशी, तिने आपल्या आईच्या शेवटच्या दिवसांचं सांगितलं होतं. ती गाठ तिने दोनदा मारली होती कारण बोलता बोलता पहिली सुटली होती. हे फाडायचं? कशासाठी? माझी एक जुनी सकाळ जपायला?

"थांबा," ते म्हणाले. आवाज चिरका निघाला. "थांबा हो. कोटात आहे. माझ्या कोटात आहे." आणि त्यांनी अस्तरातून सुई ओढून सगळ्यांसमोर धरली. दंतवैद्यांनी पातं खाली ठेवलं आणि म्हणाले, "अहो, तुम्ही कमाल करता! मी चांगली दाढ उपटायला निघालो होतो, आणि कीड कोटाच्या अस्तरात!" "कधी सापडली?" कॅप्टनने विचारलं. खोटं बोलता आलं असतं. "झाले तीनचार दिवस," ते म्हणाले. "सांगितलं नाही. मला भीती वाटली." "उडायची?" "उडायची नाही. म्हणजे... उडायचीच." हे उत्तर त्या मुलीला कळलं असेल असं नाही, पण ती एव्हाना हेल्मेट डोक्यावर चढवत होती, हसत, शिव्या देत. बायको पंखाला वळसा घालून ह्यांच्याजवळ आली. हळूच म्हणाली, "कोट झटकताना मीच पाहिली होती. तुमच्या आधी." "आणि बोलली नाहीस?" "तुमची सुई, तुम्ही बोलायचं. पण आज त्यांनी कापलं असतं ना, तर मात्र घरी येऊ दिलं नसतं तुम्हाला." मग तिने त्यांचा हात धरून पंखावर ठेवला. लेप गार होता, गुळगुळीत. "म्हणा," ती म्हणाली. "माझं झालं," ते म्हणाले. दंतवैद्यांनी टाळ्या वाजवल्या.

कॅप्टन आधी एकटी गेली. म्हातारी गवतावरून हलत डुलत धावली, शेपूट उचललं, आणि कोणीतरी खालून हात लावल्यासारखी वर उठली. मंडळी ओरडली. टाकेकाकांनी मात्र डोळ्यांवर हात धरून पुढची सीट पाहिली. रिकामी होती, पट्टे आवळलेले. बाहेरून बघताना ती नुसती एक रिकामी सीट दिसत होती. मग ते स्वतः तिच्यात बसले, गुरुजींच्या जागेवर. दंतवैद्यांनी इंजिनापुढचा पंखा हाताने फिरवला, इंजिनाने खोकून दम धरला, आणि काही कळायच्या आत जमीन खाली गेली. पहिली गोष्ट लक्षात आली ती थंडी. बाप रे, काय गारठा! नाकाला धार लागली, डोळ्यांतून पाणी, तोंडावर तेलाचा बारीक शिडकावा, कान फुटतील असा आवाज. इतक्या वर्षांच्या त्या सकाळीत थंडी एकदाही नव्हती, तेल नव्हतं, नाकही वाहत नव्हतं. कोण जाणे कधी ते सगळं पुसून काढलं होतं, मुद्रितातल्या चुकीसारखं. नळीतून कॅप्टनचा आवाज आला, "काका, घ्या. म्हातारी तुमची." त्यांनी दांडा धरला, डावा हात थ्रॉटलवर गेला आणि या वेळी मुठीत खरोखरच काहीतरी आलं. विमान जरा डावीकडे कललं, त्यांनी सावरलं, ते जरा जास्त सावरलं गेलं, पुन्हा सावरलं. वळण घेतलं, बेढब. "बरं जमतंय हो!" कॅप्टन ओरडली. तारा गुणगुणत होत्या, खालच्या पंखाचं कापड उन्हात ताठ बसलं होतं, एक टाका हलत नव्हता. ते शोधत होते ती भीतीची गोष्ट. ती सकाळ आणि ही सकाळ शेजारी ठेवून बघायचं होतं, तेव्हाचं मोठं की आत्ताचं. पण बघणार कसं? हात मोकळे नव्हते. ते हसू लागले आणि हसणं वाऱ्याने तोंडातच परत कोंबलं. खाली शेडजवळ ठिपके दिसले, त्यातला एक ठिपका बाकीच्यांपासून जरा दूर, पिशवी घेऊन उभा. तेवढा एक त्यांना ओळखता आला. आणि मग एकदम वाटलं की आपण इथे बसून जागा अडवली आहे. ते नळीत म्हणाले, "घे बाई, उतरव."

खाली उतरल्यावर सगळे धावत आले. "कसं होतं?" बायकोने विचारलं. ती मागे उभी होती, जरा अवघडून, इतक्या वर्षांच्या सवतीला भेटून आलेल्या नवऱ्याला विचारावं तसं. "गार होतं," ते म्हणाले. "फार गार. मला आठवतच नव्हतं." तिने पिशवीतून स्वेटर काढून त्यांच्या अंगावर टाकला. "मला ठाऊक होतं." "तू हा घाल," त्यांनी स्वेटर परत तिच्याच हातात दिला. "आणि बस." "मी? इश्श्य, काहीतरीच! मी कशाला? मी कुठे शिकलेय?" "मीही तिथे नुसता बसलोच होतो. बस, अगं. त्या सीटवर कोंबड्या बसून गेल्या, तुला काय होतंय?" कॅप्टनने तर आधीच हात पुढे केला होता. मग एकच धांदल झाली, स्वेटर उलटा गेला, पदर खोचला गेला, चपला टाकेकाकांच्या हातात आल्या, आणि दंतवैद्यांनी पंखा फिरवला.

ते गवतात उभे राहिले, दोन्ही हातांत तिच्या चपला. म्हातारी लांबवर जाऊन वळली आणि वाऱ्यात तोंड घालून परत धावपट्टीवरून त्यांच्या अंगावर येऊ लागली. त्यांच्या उजव्या हाताला थोडं वर, अगदी स्पष्ट, ती निघून गेली. पुढच्या सीटवर डोकं होतं. लहानसं, टोपीतून केस निसटलेलं, तोंड नळीला लावलेलं, आणि ते तोंड सारखं चालू होतं. "एवढं काय बोलतायत वहिनी?" दंतवैद्य म्हणाले. "सगळं सांगत असेल," ते म्हणाले, "समोर कोणी दिसत नसलं की बोलते ती." आणि मान वर करून ते त्या डोक्याकडे बघत राहिले, ते शेडवरून, झाडांवरून जाऊन बारीक होईपर्यंत. आकाशात त्याच्याखेरीज त्यांना दुसरं काही बघावंसं वाटलं नाही.